शेजारच्या सीटवर कोण?

गाडीप्रेमी : मोठा अपघात झाला की आपल्याकडे एकच सूर लागतो, पोरांच्या हातात एवढ्या ताकदीच्या गाड्या द्यायच्याच कशाला? १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली मोटरसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले, तेव्हाही हेच ऐकलं. मला तो सूर मान्य नाही, ताई. त्या मुलाचं वय बसत नव्हतं, लायसन्स नव्हतं, गाडीची नोंदणी झालेली नव्हती, आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो दारू पिऊन निघाला होता. एका रात्रीत इतके कायदे धाब्यावर बसवले गेले. त्यात आणखी एक, 'इतक्या हॉर्सपॉवरच्या वरच्या गाडीला हात लावायचा नाही' असा असता, तर तोही त्या कायद्यांबरोबर मोडला गेला असता. राग यायला हवा तो किल्ली हातात पडू देणाऱ्या घराचा आणि त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन देणाऱ्या व्यवस्थेचा. ते सोडून आपण इंजिनावर घसरतो. मग गाडीवर मनापासून प्रेम करणारी, नीट चालवणारी हजारो मुलंही उगाच संशयित ठरतात.

साशंक : कल्याणीनगरपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच या विषयावर बोलताना ते उदाहरण मला नको वाटतं. ते इतकं टोकाचं आहे की ऐकणारा सुटतो. आमचा मुलगा पबमध्ये जात नाही, आमच्याकडे पोर्शे नाही, तेव्हा हा प्रश्न आमचा नाहीच, असं म्हणून बाप निवांत होतो. माझी झोप उडवतो तो दुसराच मुलगा. त्याला अठरा पूर्ण झालीत, खिशात पक्कं लायसन्स आहे, दारूला तो शिवत नाही, गाडी वडिलांची आणि विमा भरलेला. एकही नियम मोडलेला नाही. तो माझ्याकडे शिकलाय, त्यामुळे त्याला काय येतं आणि काय येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. रोज अर्धा तास, तीन आठवडे. गाडीत माझ्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक. हाफ क्लचवर गाडी उचलणं, चढावर थांबवून मागे न जाऊ देता पुढे काढणं, रिव्हर्स, पार्किंग. चौथा गिअर त्याने दोन-चार वेळा टाकला असेल. पन्नासच्या वर गाडी मी त्याला नेऊ दिलेली नाही. मुसळधार पाऊस असला की क्लासला सुट्टी, आणि अंधार पडल्यावर क्लास नसतोच. लर्निंग लायसन्सला तीस दिवस झाले की परीक्षा देता येते. आठचा आकडा काढायचा, मागे घ्यायची, चढावर उभी करून दाखवायची. तो पास होतो, कारण तेवढं त्याला खरंच येतं. आणि त्यानंतर त्याच एका लायसन्सवर त्याला जुनी अल्टो चालवता येते, दोनशे हॉर्सपॉवरची एसयूव्ही चालवता येते, साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहनसुद्धा चालवता येतं. हे शेवटचं तर नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्टच केलं. माझ्याकडच्या तीन आठवड्यांवर एवढा मोठा हवाला कोणी आणि कशाच्या जोरावर ठेवला?

गाडीप्रेमी : मग शिकवणं सुधारा की! गाडीची ताकद का कापायची? उलट आजची ताकदवान गाडी पोरासाठी जास्त सुरक्षित आहे. आमच्या वडिलांच्या मारुती ८००मध्ये एअरबॅग नव्हती आणि एबीएसही नव्हतं. जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम व्हायची आणि गाडी हवी तिकडे जायची. एबीएस २०१९पासून सक्तीचं झालं, त्याच वर्षी चालकाची एअरबॅगही. २०२३च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप सुरू झालं, आता गाडी धडकवून पाहून तिला तारे मिळतात, आणि लोक शोरूममध्ये मायलेजच्या आधी तारे विचारायला लागलेत. ताकदीचाही उपयोग असतो. दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना चाळीस हॉर्सपॉवरची गाडी समोरच्या लेनमध्ये किती वेळ रेंगाळते, ते तुम्ही माझ्याइतकंच पाहिलंय. पिकअप असलेली गाडी ते काम निम्म्या वेळात उरकते. आणि दुसरी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, ती आकड्यांत बसत नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, या पट्ट्यातली किती घरं गाडीवर जगतात! तिथल्या पोराला इंजिनाचा आवाज ऐकून आनंद होतो तो काही पापाचा आनंद नाही. वळणावर गाडी नेमकी बसली की अंगातून जे जातं, ते मला बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतरच मी सस्पेन्शन म्हणजे काय ते पुस्तक उघडून वाचलं. भीती घालून आपण असली मुलं घडवणार नाही.

साशंक : त्या आनंदाला मी हात लावत नाही. पण तुमच्या मारुती ८००बद्दल मला थोडं वेगळं आठवतं. ८० गाठलं की स्टिअरिंग थरथरायचं. काचेच्या फटीतून वारा शीळ घालायचा, दाराचा पत्रा वाजायचा, इंजिन इतकं रडायचं की मागच्या सीटवरची आजी म्हणायची, हळू रे बाबा. पायाखालची फरशी गरम व्हायची. इंजिन ७९६ सीसीचं, ताकद चाळिशीच्या आत. ती गाडी तिच्या मर्यादेच्या खूप आधी ओरडायला लागायची, आणि नवख्याला त्या आरडाओरड्यातून वेग कळायचा. आता तुमच्या चाकणमध्येच बनणारी महिंद्राची बीई ६ घ्या. २८६ हॉर्सपॉवर, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार शून्यावरून शंभर गाठायला सात सेकंदही लागत नाहीत. इलेक्ट्रिक असल्यामुळे गिअर नाही, इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही. पाय दाबला की सगळं बळ त्याच क्षणी चाकावर. आत एसी, काचा बंद, गाणं लागलेलं. शंभरला आतून चाळीससारखं वाटतं. रस्त्याला मात्र ते चाळीस वाटत नाही. साठला गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, पंचवीस मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस. शंभरला तोच दीड सेकंद बेचाळीस मीटर खातो आणि ब्रेक लागल्यावर पंचावन्न-साठ मीटर वेगळे. पंचेचाळीसच्या जागी शंभर मीटर. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, पण हे अंतर पुसून टाकणं त्याच्या हातात नाही. गाडीने ओरडणं बंद केलं हे सरकारलाही कळलं असावं, म्हणून जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ८० ओलांडलं की इशारा वाजतो आणि १२०च्या वर तो थांबतच नाही. तो बंद कसा करायचा, हे विचारायला माझे जुने विद्यार्थी मला फोन करतात.

गाडीप्रेमी : तुम्ही अठरा वर्षांच्या माणसाला फारच लहान समजता. त्याला आपण मत द्यायला पाठवतो. खडकवासल्याच्या एनडीएत विशीच्या आतली मुलं असतात, आणि त्यातलीच काही पंचविशीच्या आत लढाऊ विमान उडवतात. ताकद आणि तरुणपण एकत्र आलं की विनाशच, असं असतं तर हवाई दल चाललंच नसतं. देश ज्याच्या हातात सुखोई देतो, त्याच्या वयाच्या मुलाला आपण टर्बो इंजिन देताना कचरतो.

साशंक : हवाई दलाचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. एनडीएतून बाहेर पडलेल्या मुलाला कोणी सुखोईत बसवत नाही. आधी पिलेटस, ते साधं पंख्याचं विमान. मागे किंवा पुढे शिक्षक बसलेला. मग किरण, मग हॉक, आणि मग कुठे लढाऊ विमान. प्रत्येक टप्प्यावर तासांची नोंद, आणि प्रत्येक टप्प्यावर काही मुलांना गाळतात किंवा दुसरीकडे वळवतात. ती निवडून आलेली, देशातली सगळ्यात तल्लख मुलं असतात, तरीही त्यांच्यावर एवढा संशय घेतला जातो आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मी नेमकं हेच मागतेय. रस्त्यावर आपण पिलेटसवर तीन आठवडे काढून थेट सुखोईची किल्ली देतो.

गाडीप्रेमी : चला, मग त्याच वाटेने जाऊ. मुलांना खरं चालवायला शिकवा. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली की स्टिअरिंग कुठे फिरवायचं, शंभरवरून ब्रेक मारला की काय होतं, हे त्यांना बंद ट्रॅकवर अनुभवू द्या. कोइंबतूरला कारी स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, आपल्याकडे कोल्हापूरकर पोरं गो-कार्ट चालवून पुढे मोठ्या शर्यतींत गेली. प्रत्येक जिल्ह्यात एक साधी डांबरी पट्टी करा, टँकरने पाणी मारा, शनिवारी-रविवारी पोरांना येऊ द्या. वेगाची भूक जिथे भागायला हवी तिथे भागेल. आज ती रात्री दीड वाजता फ्लायओव्हरवर भागवली जाते, मोबाईलवर स्पीडोमीटरचं रील काढत.

साशंक : ट्रॅक हवेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ट्रॅकवर शिकलेला मुलगा रस्त्यावर सुरक्षित होतो, हे मात्र गृहीत धरू नका. नॉर्वेने १९७९च्या सुमारास नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. बर्फाचा देश, त्यामुळे कल्पना अगदी शहाणपणाची. पुढे तपासलं तेव्हा दिसलं की तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. घसरलेली गाडी सावरता येते असा भरवसा त्यांना मिळाला होता, आणि त्या भरवशावर ते आधीपेक्षा वेगात जायला लागले. सावरायचं कौशल्य मात्र सरावाशिवाय विरतं, भरवसा विरत नाही. मला मुलांच्या हातात जे यावं असं वाटतं ते वेगळंच आहे. परवा एका मुलीबरोबर कोथरूडच्या गल्लीतून जात होते. डावीकडे टेम्पो उभा. मी विचारलं, काय दिसतंय? ती म्हणाली, टेम्पो. मी म्हटलं, टेम्पोच्या खाली बघ. चाकांच्या मधल्या फटीतून दोन छोट्या चपला दिसत होत्या. ती मुलगी गाडी उत्तम चालवते, क्लच तिचा लोण्यासारखा आहे. चपला मात्र तिला दिसल्या नव्हत्या. पुढे उभ्या रिक्षाचं पुढचं चाक किंचित उजवीकडे वळलेलं असलं की ती निघणार, बसमधून उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडणार, समोरच्या ट्रकचा ब्रेक लाइट बंद पडलाय हे त्याची मागची बाजू किंचित वर उचलली जाताना बघून कळतं, हे सगळं नजरेत यायला शेकडो तास जातात. ब्रिटनने २००२पासून परीक्षेतच धोका ओळखण्याची चाचणी घातली, पडद्यावर रस्त्याचे तुकडे दाखवून. आपल्याकडे आठचा आकडा काढता आला की झालं.

गाडीप्रेमी : ही नजर तर शंभर सीसीच्या मोटरसायकलवरही लागते. आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. ती पोरं पोर्शेत किंवा बीई ६मध्ये नव्हती, शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीवर होती, बहुतेक वेळा हेल्मेटशिवाय. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास माणसं मरतात. त्यांच्या घरी जाऊन हॉर्सपॉवरची मर्यादा सांगा, कोणाला काही कळणार नाही. तुम्ही ताकदीचा नियम केलात तर तो श्रीमंतांच्या मूठभर मुलांना लागू होईल, वर्तमानपत्रात मथळे येतील, सरकारने काहीतरी केलं असं वाटेल, आणि मरणारे मरतच राहतील. बरं, बाहेरच्या देशांत तरी काय झालंय? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात नव्या चालकाला टनामागे १३० किलोवॉटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. तुमची बीई ६ आहे २१० किलोवॉटची, वजन दोन टनांच्या आसपास. भागाकार करा, शंभरीच्या जवळपास. म्हणजे त्या कडक नियमातूनही ती आरामात सुटते! बॅटरीमुळे गाडी जितकी जड, तितकी ती कागदावर सज्जन. आणि पादचाऱ्याच्या दृष्टीने ते जास्तीचं वजन काही दिलासा नाही. इटलीनेही नव्या चालकांवर ताकदीची मर्यादा ठेवली होती; २०२४च्या अखेरीस मुदत एका वर्षाची तीन वर्षं केली, पण मर्यादा मात्र सैल केली.

साशंक : वजनाचा मुद्दा मोलाचा आहे, आणि तो माझ्या बाजूला जातो असं मला वाटतं. भागाकार चुकीचा आहे म्हणून मोजणंच सोडायचं का? दुचाकीबद्दल म्हणाल, तर तिथे तर पायऱ्या आणखी हव्यात. युरोपात सोळाव्या वर्षी सव्वाशे सीसी, अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत, आणि त्यावरची मोटरसायकल त्यानंतर काही वर्षांनी. चाकणमध्ये तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक तिकडे त्या मधल्या पायरीत बसते. इकडे त्याच कारखान्यापासून दहा किलोमीटरवरचा अठरा वर्षांचा मुलगा गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स काढून त्याच दिवशी हजार सीसीच्या गाडीवर बसू शकतो. आपल्याकडे ताकद मोजलीच जात नाही असं नाही. पैसे घेताना मोजतात, आणि तीही जुन्या मापाने. थर्ड पार्टी विम्याचे २०२२चे दर बघा. हजार सीसीच्या आत २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारला ३,४१६, त्यावर ७,८९७. आता ९९८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन १२० हॉर्सपॉवर देतं, तरी ते अल्टोच्याच खान्यात बसतं. आणि चालवणारा अठराचा आहे की अठ्ठेचाळीसचा, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांच्या पोराला जोरकस गाडीचा विमा इतका महाग पडतो की बाप स्वतःच लहान गाडी घेऊन देतो. तिथे पोलिसाने शिट्टी वाजवायचीही गरज पडत नाही. तुम्ही म्हणता नियम मूठभरांना लागू होईल. हा नियम तर बापाच्या खिशाला लागू होतो.

गाडीप्रेमी : खिशाचं हत्यार ज्याचा खिसा मोठा त्याला लागत नाही. कल्याणीनगरच्या गाडीला विम्याचे पन्नास हजार जास्त पडले असते तर फरक पडला असता? आणि बापाला जबाबदार धरणारा कायदा आपल्याकडे आहेच. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. इतकं कडक कलम असूनही कोणत्याही शाळेच्या किंवा क्लासच्या दारात दहावीतली मुलं सर्रास ॲक्टिव्हा लावतात, आणि गाडीची किल्ली त्यांना आईनेच दिलेली असते. कायदा कडक करत नेला की तो वापरायचं धैर्य कमी होत जातं, हे मी बघत आलोय.

साशंक : इथे आपण एकमेकांच्या जवळ आलोय. ताकदीचा आकडा हे माझं शेवटचं म्हणणं नाही, पहिलंही नाही. नव्या चालकाला सगळ्यात जास्त धोका कोणाकडून असतो, हे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. रात्रीकडून, आणि शेजारी बसलेल्या मित्राकडून. गाडीत एक समवयस्क बसला की सोळा-सतरा वर्षांच्या चालकाचा मरणाचा धोका वाढतो, दोन-तीन बसले की आणखी वाढतो. शेजारी मोठं माणूस बसलं की तो कमी होतो. गाडी तीच, मुलगा तोच. म्हणून न्यूझीलंडने १९८७मध्ये पायऱ्यांचं लायसन्स आणलं, आणि व्हिक्टोरियात एकवीसच्या आतल्या मुलाला परीक्षेच्या आधी १२० तास अनुभवी माणसाला शेजारी बसवून चालवावं लागतं, त्यातले वीस तास रात्रीचे. माझ्याकडे तो दहा-बारा तास असतो. आता हाच मुलगा समृद्धी महामार्गावर जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जून २०२५पासून नागपूर ते मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण खुला, मोटारींना परवानगी १२०ची. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना डोळा अडकेल असं फार काही नाही, विदर्भातलं ऊन, टायर तापलेले. ज्या वेगाने शिकला त्याच्या जवळपास अडीच पट वेगाने तो तीन-चार तास गाडी चालवतो, कायद्याने अगदी बरोबर वागत. शेजारच्या सीटवर मित्र, मागे तीन मित्र. त्या गाडीत धोका टर्बो इंजिनाचा किती आणि त्या चौघांचा किती, हे मलाही वेगळं करून सांगता येणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की दोन्ही एकत्र आले की एकाने दुसऱ्याला जोर चढतो. 'दाखव ना पळवून', असं म्हणायला गाडीही तशी लागते.

गाडीप्रेमी : हे मला पटतं, आणि पटलं म्हणून जास्त अस्वस्थ वाटतंय. कारण आता माझा प्रश्न आणखी अवघड झाला. १२० तास शेजारी बसणार कोण? मेलबर्नमधल्या मुलाचे आई-वडील तीस-तीस वर्षं गाडी चालवणारे. त्यांच्याही आई-वडिलांनी चालवलेली. आपल्याकडे बारामतीच्या किंवा जालन्याच्या घरात पहिली मोटार २०२३ साली आली. बापाला दुचाकी येते, आईला काहीच नाही. घरात गाडी चालवणारा पहिला माणूस तो अठरा वर्षांचा मुलगाच. बापाला दवाखान्यात न्यायचं तर तो नेतो, बहिणीचं लग्न ठरवायला तो नेतो, आणि घरातले सगळे त्याच्या शेजारी भक्तिभावाने बसतात. त्यांतलं कोणी त्याला हळू चालव म्हणणार नाही. उलट म्हणतील, आमच्या पोराचा हात बघा किती साफ आहे. तुमच्या नियमाने या घराला सांगायचं काय? तुमच्याकडे शिकलेला तज्ज्ञ नाही, सबब लायसन्स नाही? ज्याच्या आजोबांपासून गाडी आहे त्यालाच तास भरता येतील. आणि ज्याला टेम्पो चालवून पोट भरायचंय, त्याने १२० तासांचे पैसे कुठून आणायचे? मोटर ट्रेनिंग स्कूलवाले मोजून तासाचे पैसे घेतील, आणि न बसलेल्या तासांवर सही करणारेही निघतील. तुमच्यासारखी माणसं सोडून बोलतोय मी.

साशंक : माझ्यासारखीही सोडू नका. सही विकली जाईल, हे मला दिसतं. आणि बापाच्या जागेचा प्रश्न मी आजवर या अंगाने पाहिला नव्हता. आमच्या घरात बाबा एसटीचे ड्रायव्हर, त्यामुळे शेजारी बसणारा माणूस असतोच असं मी धरून चालले. कदाचित आपल्याकडची सुरुवात उलटीकडून करावी लागेल. आधी बापाला शिकवायचं. गाडी घेताना शोरूमच्या दारात किल्लीची पेटी, हार, नारळ, सेल्फी होतो. तिथेच घरातल्या एका मोठ्या माणसाने चार तास शेजारच्या सीटवर बसून काय बघायचं ते शिकायचं. गाडी चालवायला नाही, बघायला. टेम्पोखालच्या चपला बघायला गिअर टाकता यायची गरज नसते. आणि तासांचा हिशेब मोबाईलवरच्या यंत्राने ठेवता येईल. विमा नियामकाने २०२२पासून कसं चालवता त्यानुसार हप्ता ठरवायची मुभा दिलीच आहे. पण हेही खरं, की मुलाच्या कौतुकात बुडालेल्या आईला मी 'हळू' म्हणायला शिकवू शकेन की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून मी दोनच गोष्टींवर अडून बसेन. पहिलं वर्ष रात्री दहा ते पहाटे पाच गाडी नाही, आणि पहिलं वर्ष घरच्यांशिवाय एकाहून जास्त मित्र गाडीत नाही. याला पैसे लागत नाहीत, शिकलेला बाप लागत नाही.

गाडीप्रेमी : मित्रांचं मान्य. ते मी माझ्या पुतण्याला उद्याच सांगेन, कायदा असो वा नसो. रात्रीचं मात्र पुन्हा बघा. चाकणला सेकंड शिफ्ट रात्री अकरा-बाराला सुटते. हिंजवडीत रात्रभर कामं चालतात. वाशीच्या मार्केटला भाजीची गाडी पहाटे पोचायला हवी, ती नारायणगावहून रात्रीच निघते. अठरा-एकोणीस वर्षांची, घर चालवणारी ही मुलं आहेत. तुमच्या नियमात रात्रीचं फिरणं आणि रात्रीचं काम वेगळं करायचं कसं?

साशंक : कामाच्या मुलाला सूट. बाहेरच्या देशांतही देतात, कंपनीचं पत्र जवळ ठेवायचं.

गाडीप्रेमी : कंपनीचं पत्र कायमच्या कामगाराला मिळतं. ठेकेदाराकडच्या मुलाला मिळत नाही, आणि भाजीच्या टेम्पोवर तर पत्र देणारं कोणी नसतंच. उलट ज्याच्या बापाची कंपनी आहे, त्याच्या खिशात ते पत्र पहिल्या दिवशी असेल. नाशिक फाट्यावर रात्री एक वाजता हवालदार दोघांना थांबवतो. एक टर्बो एसयूव्हीत, पत्रासकट, तीन मित्रांसह. दुसरा कांद्याच्या टेम्पोत, एकटा, पत्राशिवाय. तुमचा नियम त्यातल्या कोणाला घरी पाठवेल?

साशंक : पहिल्याला पाठवायला हवा. मित्रांवरून त्याला अडवता येईल.

गाडीप्रेमी : आणि दुसऱ्याला?

साशंक : त्याला रात्री चालवायला लागतं म्हणून त्याचा धोका कमी होत नाही. कदाचित तोच जास्त थकलेला आहे, आणि त्याच्या टेम्पोत एअरबॅगही नसेल. त्याला सोडलं तर मी त्याला मरायला सोडतेय असं मला वाटेल, आणि अडवलं तर त्याचा रोज बुडवतेय. तुम्ही त्याच्या जागी काय कराल ते सांगा. मी मघापासून गाडीची ताकद मोजत होते आणि तुम्ही कायदा, पण त्या मुलाला शिकवायला यापैकी कोणीच त्याच्याकडे गेलेलं नाही.

गाडीप्रेमी : त्याला अडवू नये असं मला वाटतं. त्याच्या ठेकेदाराला अडवावं. पण ठेकेदार फाट्यावर नसतो.